ड्रमरची चार मिनिटं

डिसेंबरातल्या वसईच्या मंडपात रात्री साडेनऊच्या सुमारास एक ठरलेली गोष्ट घडते. जेवणं उरकत आलेली असतात. लाल लुगड्यातल्या आज्या शाली लपेटून खुर्च्या एकमेकींजवळ ओढतात, लहान पोरं स्टेजच्या पायरीवरच आडवी झालेली असतात, केळीच्या वाड्यांवरून आलेला गारवा मानेवरून आत उतरतो, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हात उंच करून ओरडतं, "हॉटेल कॅलिफोर्निया!" दहाला लाउडस्पीकर बंद व्हायला हवा. गाणं साडेसहा मिनिटांचं. वेळ आहे. नाही म्हणायला कारण नाही.

मागणाऱ्याला वाटतं, आपण सगळ्यांच्या ओळखीचं, सोपं गाणं सांगितलं. आमचा गिटारवाला मात्र माझ्याकडे बघतो, मी ड्रमरकडे बघते, आणि तिघांच्याही पोटात एकाच वेळी गोळा येतो. पंचवीस वर्षं झाली तरी येतो.

मी बेस वाजवते. आम्ही पाच जण. गिटारवाले दोघे, एक किबोर्डवाला, एक ड्रमर आणि मी. लग्नं, नाताळ, सण, कुणाच्या तरी लग्नाचा रौप्यमहोत्सव, असं आमचं आयुष्य गेलं. नवी मुलं प्रॅक्टिसला येऊन बसतात तेव्हा हमखास विचारतात, स्टेजवर वाजवायला सगळ्यांत अवघड गाणं कुठलं? त्यांना वाटतं आम्ही एखादं सुसाट पळणारं गाणं सांगू, डीप पर्पलचं 'हायवे स्टार' वगैरे. पण पळणारी बोटं ही मेहनतीची गोष्ट आहे. सहा महिने रोज दोन तास बसलं की बोटं पळतात. अवघडपणा दुसरीकडेच कुठेतरी असतो, आणि तो मला पहिल्यांदा दाखवला तो रॉक संगीताशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाने. माझ्या पप्पांनी.

पप्पा गावच्या ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नाच्या सकाळी नवरीमुलीच्या अंगणातून चर्चपर्यंत बँड वाजत जायचा तेव्हा मी त्यांच्या डाव्या बाजूने चालायचे. क्लॅरिनेटला एक छोटासा चिमटा लावलेला असायचा, त्यात तळहाताएवढा नोटेशनचा कागद. निघण्याआधी ते रीड जिभेवर ठेवून ओली करत, आणि ती भिजेपर्यंत कुणाशी बोलत नसत. लग्नाच्या धुना त्यांना झोपेतही आल्या असत्या. मयताच्या दिवशी मात्र ते सकाळपासून गप्प असायचे. साइड ड्रमच्या खालच्या तारा सैल केलेल्या, वर काळं कापड टाकलेलं. आवाज असा, की कुणी दूर बंद दाराआड पाट सरकवतंय. त्या ठोक्यावर अख्ख्या गावाने पावलं टाकायची. दोन ठोक्यांच्या मधे एवढी जागा, की त्या जागेत प्रत्येकाची चूक उघडी पडते. "जलद धून कुणीही वाजवेल," पप्पा म्हणायचे, "संथ वाजवताना माणूस कळतो. पुढच्या ठोक्याची घाई झाली की समज, तू बाजूच्याचं ऐकत नाहीस."

हे वाक्य मी बेसच्या चार तारांवर घासून घासून वापरलं आहे.

'हॉटेल कॅलिफोर्निया' संथ आहे. ईगल्सचा तो अल्बमही डिसेंबरातलाच, 1976 सालचा. गाण्याचा साचा त्यांचा गिटारवादक डॉन फेल्डर याने समुद्राकाठच्या भाड्याच्या घरात एकट्याने टेपवर भरला होता, आणि आधी बँडमध्ये त्याला 'मेक्सिकन रेगे' म्हणत. सुरुवातीची ती झुळझुळ बारा तारांच्या गिटारवर, सातव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून वाजवलेली आहे. स्टेजवर फेल्डर दोन मानांची गिटार घेऊन उभा राहायचा. एका मानेवर बारा तारा, दुसरीवर सहा. ती झुळझुळ करायची आणि शेवटच्या जुगलबंदीला दुसऱ्या मानेवर उडी मारायची. शिवाय डॉन हेन्ली ड्रम वाजवता वाजवता गातो. हातांची लय एक, गळ्यातल्या शब्दांची ओढ दुसरी. ज्यांनी हे करून पाहिलं नसेल त्यांनी एका हाताने दळण दळत दुसऱ्या हाताने रांगोळीचे ठिपके काढून बघावेत.

दोन मानांची गिटार आमच्यापैकी कुणाकडे कधीच नव्हती. आमचा दुसरा गिटारवाला साध्या सहा तारांवर सातव्या पडद्याला कॅपो लावतो, किबोर्डवाला त्याच्या मागे बारीक झंकार भरतो, आणि दोन्ही मिळून बारा तारांचा भास होतो. शेवटी दोन्ही गिटारी जुगलबंदीला निघून गेल्या की खाली मी आणि ड्रमर दोघेच उरतो. सुमारे दोन मिनिटं. मंडपातला प्रत्येक माणूस ती जुगलबंदी तोंडाने गुणगुणत असतो आणि प्रत्येकाला पुढचा सूर माहीत असतो. आयुष्यात कधी गिटारला हात न लावलेला माणूसही एक सूर चुकला तर मान वळवून बघतो. या गाण्याचा खरा अवघडपणा तोच. लोकांच्या कानात त्याची एक पक्की प्रत बसलेली आहे, आणि आपण तिच्या शेजारी उभे राहून वाजवतो.

ही प्रत किती घट्ट बसते ते खुद्द फेल्डरलाही भोगावं लागलं. रेकॉर्डिंगच्या वेळी तो शेवटचा भाग नव्याने सुचेल तसा वाजवायला निघाला, तर हेन्लीने थांबवलं. मूळ टेपवर होतं तसंच हवं. टेप होती दूर घरी. फेल्डरने पुढे सांगितलं आहे की त्याने घरकाम करणाऱ्या बाईंना फोन लावला, त्यांना ती कॅसेट शोधून टेपरेकॉर्डरवर लावायला सांगितली आणि फोनच्या रिसीव्हरमधून स्वतःचंच वादन ऐकून पुन्हा शिकला. ही गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण आम्हीही कॅसेटवरूनच शिकलो. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर सूर खाली बसायचा. पहिल्या वर्षी आम्ही अख्खं गाणं पाऊण सूर खाली बसवलं, महिनाभर, वाडीतल्या विहिरीच्या पंपाशेजारच्या खोलीत. किबोर्ड आला त्या दिवशी कळलं की आमच्या हातात जे आहे ते गाण्याचं सावट आहे. त्या रात्री कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी गिटारी नव्याने लावल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

काही गाणी अशी, की ती जन्मली तेव्हा त्यांना वाजवणारी माणसं एका जागी एका वेळी उभीच नव्हती. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे त्यांतलं सर्वांत मोठं. 1975. मधला ऑपेराचा भाग क्वीनच्या तीन गळ्यांनी गायला, फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. 24 ट्रॅकच्या टेपवर ते थरावर थर चढवत गेले, दिवसाचे दहा-बारा तास गात, आणि टेप यंत्रातून इतक्यांदा गेली की तिच्यावरचा लेप झिजून आरपार उजेड दिसायला लागला. तीन माणसांचा शंभर माणसांचा जमाव झाला. पण स्टेजवर तीन माणसं ही तीनच. म्हणून क्वीन तो भाग स्टेजवर गात नसे. सुरुवातीला तो गाळून टाकत, पुढे त्या जागी टेप लावून सगळे स्टेजवरून आत निघून जात आणि गिटारचा धडाका सुरू होताना परत येत. 13 जुलै 1985 च्या 'लाइव्ह एड'मध्ये तर फक्त सुरुवातीचा पियानोचा भाग झाला. ज्यांनी गाणं बनवलं त्यांनीच मान्य केलं होतं की हे उभ्या उभ्या होत नाही. त्यांच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला मनापासून आदर आहे.

त्या पियानोशी बसलेल्या फ्रेडी मर्क्युरीने बोटांचे धडे आपल्या पाचगणीत घेतले. तेव्हाचा फारोख बलसारा, झांझिबारहून आलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा, सेंट पीटर्स शाळेत. शाळेच्या गायनवृंदात होता. 1958 च्या सुमारास पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात हा पुढे उभा राहून गात नव्हता, मागे पियानोवर असायचा. पाचगणीच्या धुक्यात शाळेच्या कार्यक्रमात दुसऱ्यांची गाणी वाजवणारी पाच मुलं. म्हणजे आमच्यासारखीच.

एका वर्षी नाताळच्या कार्यक्रमासाठी आम्ही ठरवलं की ऑपेरा गाळायचा नाही. मी चर्चच्या गायनमंडळात ऑल्टो गाते. ऑल्टो म्हणजे मधला सूर, जो एकटा कधी कुणाच्या लक्षात राहत नाही आणि काढून घेतला तर सगळं पोकळ वाटतं. बेसचंही तेच, म्हणून दोन्ही माझ्या वाट्याला आले असावेत. मिस्साच्या मराठी गीतांत चार सूर एकमेकांना सांभाळत चालायची आम्हाला सवय होती. बावीस माणसं तयार झाली. शिक्षिका, बँकेत जाणारे, वाडीत काम करणारे, रोज विरार लोकलने चर्चगेटला जाऊन येणारे. सप्टेंबरपासून शुक्रवारी रात्री बसायचो. रेकॉर्डमध्ये एका हाकेला दुसरी हाक तत्क्षणी येते, कारण हाक देणारी आणि ओ देणारी तीच तीन माणसं आहेत, वेगवेगळ्या ट्रॅकवर. त्यांना मधे श्वास घ्यावाच लागत नाही. आमच्या बावीस जणांना घ्यावा लागायचा. प्रत्येक वेळी आम्ही त्याच वळणावर अडखळायचो.

उपाय किबोर्डवाल्याने शोधला. त्याने आमच्याकडे तोंड करून बसायला सुरुवात केली. वळण आलं की आमचे खांदे वर होताना बघायचा आणि तेवढी अर्धी मात्रा थांबायचा. ती अर्धी मात्रा मूळ रेकॉर्डमध्ये नाही. कार्यक्रमाच्या रात्री त्या वळणावर मला माझ्या दोन्ही बाजूंच्या बायकांचा श्वास आत जाताना ऐकू आला, बावीस छात्या एकदम भरल्या, आणि आम्ही त्या पलीकडे गेलो. पुढे दोन जागी सूर डगमगला. सोप्रानोतल्या एकीचा आवाज वरच्या सुरावर फाटला. पण ती अर्धी मात्रा आमची होती.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. नाशकात नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही टांगलेल्या आहेत. मी नारोशंकराची घंटा पाहिली आहे. धातू तोच, पण गोदाकाठच्या दगडी कोटात ती आता तिथलीच झाली आहे. दुसऱ्यांची गाणी वाजवताना मला ती घंटा आठवते.

आमचा ड्रमर विरारचा. त्याचे वडील भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. तो बँडमध्ये आला तेव्हा त्याला इंग्रजी गाण्यांची नावं येत नव्हती, मोजणी मात्र रक्तात होती. पिंक फ्लॉइडचं 'मनी' बसवताना आम्ही चौघे बोटांवर सात मोजत बसलो होतो. गाणं 1973 चं. सुरुवातीचा नाण्यांचा आणि गल्ल्याचा खणखणाट सात आवाजांचे टेपचे तुकडे मापाने कापून, जोडून केलेला आहे. सात मोजता मोजता आमचा प्रत्येक जण कुठेतरी आठवी मात्रा घुसडायचा, कारण पावलांना चारचीच सवय. ड्रमरने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "अगं, हा तर रूपक. तीन, दोन, दोन. फक्त रूपकात सम खालीवर येते, हे लोक तिथेच दणका देतात." मग मधल्या गिटारच्या भागात गाणं सातावरून चारावर उतरतं, तिथे तो थबकला. इतकं सुंदर चाललं असताना हे लोक घाबरले का, असं त्याने खरोखर दुःखाने विचारलं. डेव्हिड गिल्मोरलाही सातात मोकळं फिरणं जड जात होतं, हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचं समाधान झालं. मंडपात मात्र हे गाणं आम्ही वाजवत नाही. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकतात.

लेड झेपलिनचं 'फोर स्टिक्स' त्याला वर्षानुवर्षं छळतं. पाच आणि सहा मात्रांचे घास आलटून पालटून येतात. जॉन बोनमने ते दोन्ही हातांत दोन दोन काठ्या धरून वाजवलं आणि नाव तिथून पडलं. 1971 च्या मे महिन्यात कोपनहेगनला बँडने ते स्टेजवर वाजवलं, आणि त्यानंतर पुन्हा कधीच नाही. पण गंमत पुढे आहे. 1972 च्या ऑक्टोबरात बँडमधले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन हेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. ते ध्वनिमुद्रण 2015 मध्ये अधिकृतपणे बाहेर आलं. मी ते ड्रमरच्या घरी लावलं. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, मांडीवर बोटं चालत होती. जो ताल जगातल्या सगळ्यात दणकट ड्रमरने एकदाच स्टेजवर नेला, तो इथले तालवादक वाजवत होते. संपल्यावर त्याने पुन्हा लाव म्हटलं. चार वेळा लावलं. नायगाव आणि भाईंदरच्या मधल्या खाडीच्या पुलावरून लोकल जाताना तो अजूनही दाराशी उभा राहून गुडघ्यावर हे पाच-सहा धरतो, आणि रुळांच्या ठोक्यांतून निसटू देत नाही.

यंत्राबरोबर वाजवण्याचा त्रास वेगळा. 'द हू'च्या 'बाबा ओ'रायली'मध्ये जो ऑर्गनचा गिरगिरता आवाज आहे तो पीट टाउनशेंडने आधीच टेपवर भरून ठेवलेला. स्टेजवर ती टेप चालायची आणि कीथ मून, जो कुणाच्याच लगामात राहणारा नव्हता, कानाला हेडफोन लावून तिच्यामागे जायचा. टेप ऐकत नाही, थांबत नाही, तिला श्वास नाही. नावातले 'बाबा' म्हणजे आपले मेहेरबाबा. पुण्यात जन्मलेले, ज्यांची समाधी नगरजवळ अरणगावच्या मेहेराबादला आहे. या बाबांनी 1925 पासून मौन धरलं होतं, अखेरपर्यंत. त्यांच्या नावाचं गाणं आणि त्यात न थांबणारं यंत्र, हे मला नेहमी अस्वस्थ करतं. आमचा किबोर्डवाला तो गिरगिरता भाग यंत्रावर न सोडता हाताने वाजवतो. मनगट भरून येतं त्याचं. तरी हाताने.

आणि 'स्टेअरवे टू हेवन'. मला विचाराल तर आमच्यासाठी सगळ्यांत अवघड हेच. आठ मिनिटांचं, म्हणून मंडपात सहसा मागत नाहीत. हेही लेड झेपलिनचं, 1971 चं. यात लय कुठून कुठे जाते ते सांगता येत नाही. एका गिटारवर दबक्या पावलांनी निघालेलं गाणं शेवटी धावत असतं, आणि मधला कुठलाही क्षण असा नाही की तिथे बोट ठेवून म्हणावं, इथे वेग वाढला. पेजला ते तसंच हवं होतं. शहरातल्या बँडवाल्यांप्रमाणे कानात क्लिक, म्हणजे यंत्राचा ठोका, लावून हे होणार नाही. क्लिक पायऱ्या देतो, उतार देत नाही. आणि यात ड्रमर चार मिनिटांहून जास्त वेळ काहीच वाजवत नाही. आम्ही चौघे हळूहळू तापत जातो आणि तो गार बसलेला असतो. तो आला त्या ठोक्यावर जर त्याची लय आमच्या लयीला केसभर जरी लागली नाही, तर आधीची चार मिनिटं वाया.

मी एकदा विचारलं, "एवढा वेळ मोजतोस काय?"

"मोजत नाही," तो म्हणाला. "बुवा संथ सुरात अभंग उचलायचे तेव्हा आमचे बाबा मृदंगावर हात ठेवून बसायचे. नुसता ठेवून. कातडं गरम राहतं म्हणायचे. गजर कुठे चढणार ते तळहाताला आधी कळतं."

गेल्या जानेवारीत एका मित्राच्या लग्नाच्या पंचविशीला आम्ही हे गाणं वाडीतच वाजवलं. मंडप नव्हता, विहिरीच्या कडेला दोन बल्ब, तीस-चाळीस माणसं. पप्पा पहिल्या रांगेत होते. दात गेल्यापासून क्लॅरिनेट बंद आहे; दातांचा आधार नसला तर ओठ रीडवर ठरत नाहीत. काठी दोन्ही हातांत उभी धरून बसले होते. मूळ गाण्यात जिथे लाकडी बासऱ्या येतात तिथे किबोर्डवर त्या सुरू झाल्या, आणि पप्पांची बोटं काठीवर उघडझाप करायला लागली. गाणं त्यांनी आधी कधी ऐकलं असेल असं वाटत नाही. बोटं बासरीच्या सुरांवर पडत होती, काही बरोबर, काही त्यांच्या मनाची.

दुसरी गिटार मिसळली. माझे सूर आले. सुरूच्या झाडांतून समुद्राचा वारा खाली उतरला आणि बल्ब थोडे हलले. ड्रमरने काठ्या मांडीवर आडव्या ठेवलेल्या होत्या, आणि डावा तळहात ड्रमच्या कातड्यावर नुसता टेकवलेला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. पप्पांच्या पायाकडे बघत होता. चप्पल काढून ठेवलेला त्यांचा उजवा पाय मातीवर हळू पडत होता, मयतामागे चालताना पडायचा तसा, आणि आता त्यात किंचितशी ओढ आली होती.

ड्रमरने काठ्या उचलल्या.